वस्तीत सेवा करायला येताय? करपायच्या आधी हे वाचा

दूध उतू गेलं की अख्ख्या घराला कळतं, पण तळाला लागलं तर वरून काही दिसत नाही, नुसता वास येतो. गरिबांमधे सेवा करणाऱ्या माणसांचंही तसंच होतं हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. गोवंडीच्या एका वस्तीत आमचं काम होतं, मी तिथंच दहा बाय बाराच्या खोलीत राहायचे. एका दुपारी दारावर थाप पडली, बाहेरून आवाज, "ताई, हायेस का गं?" आवाज ओळखीचा होता, त्या बाईचं पोरगं चार दिवस तापाने फणफणतंय हेही मला माहीत होतं, आणि मी काय केलं तर हातातला तांब्या आवाज न करता खाली ठेवला आणि श्वास रोखून उभी राहिले. ती गेली. मी परत भांडी घासायला लागले. वाईटसुद्धा वाटलं नाही, आणि खरं घाबरायला हवं होतं ते त्यालाच.

याला बर्नआउट म्हणतात, हा शब्द आता सगळ्यांनाच माहितीय. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तो या अर्थाने मांडला, आणि गंमत म्हणजे कंपनीतल्या साहेबांबद्दल नाही तर न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात गोरगरिबांसाठी राबणाऱ्या स्वयंसेवकांना बघून मांडला, त्यात तो स्वतःही राबत होता. म्हणजे हे दुखणं पहिल्यापासून आपलंच आहे. पुढे क्रिस्टिना मास्लॅक या बाईंनी त्याचे तीन भाग सांगितले: एक पार गळून जाणं, दुसरं माणसांबद्दल कोरडं होणं, आणि तिसरं आपण करतोय त्याने काही होत नाही असं वाटणं. २०१९ मधे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे. हे मुद्दाम लिहितेय कारण आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, कोणी थकलंय म्हटलं की लगेच ऐकू येतं, "प्रार्थना कमी पडतेय." पडत असेलही, पण तेवढंच नसतं.

पुढे लिहिलेल्या पायऱ्या मी चुका करत करत गोळा केल्यात, त्याच क्रमाने करा असं नाही, पण पहिल्या दोन मात्र पहिल्याच करा, मागाहून त्या जमत नाहीत.

पायरी १: पहिले सहा महिने काही देऊ नका

नव्याने आलेल्याला काहीतरी करून दाखवायचं असतं. आल्या आल्या शिकवणी सुरू, आठवड्यात रेशन वाटप, महिन्यात मेडिकल कॅम्प. थांबा. पहिले सहा महिने फक्त ओळख करून घ्या, लोकांच्या दारात बसा, चहा प्या (साखर जास्त असते, सवय होते), पाण्याच्या रांगेत उभे राहा, कोणाचं कोणाशी भांडण आहे ते समजून घ्या. कारण तुमची पहिली ओळख "वाटणारी ताई" अशी झाली की मग पुढची दहा वर्षं तुम्ही वाटणारी ताईच, आणि दर वेळी कोणी हसून बोललं की तुमच्या मनात येणार, आता हिला काय पाहिजे. त्या शंकेला जागाच द्यायची नाही असं ठरवलंत तर अर्धं काम झालं.

याच पायरीतली दुसरी गोष्ट, आणि ही मी जिथं जाईन तिथं सांगते: मदत आणि प्रार्थनासभा कधीही एका वेळी, एका जागी ठेवायची नाही. उपासना संपल्यावर तांदूळ वाटला की बाहेरचे धर्मांतराचा आरोप करतील तो करतीलच, आमच्या नगरकडं दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांच्या नातवंडांनीही "पोटासाठी बाटले" हे ऐकलंय. पण नुकसान त्याहून जवळ होतं. एखादी बाई डोळे मिटून रडत प्रार्थना करते आणि तुम्ही मनात म्हणता, पिशवी घेऊन आलीय. तुम्हाला कधीच कळणार नाही ती कशासाठी आली, कारण कळायची सोय तुम्हीच ठेवली नाही. आमच्याकडे मदतीचा वार बुधवार आणि तो बालवाडीच्या खोलीत, ज्याला यायचं त्याने यावं, जात धर्म काही विचारायचं नाही, आणि रविवारच्या उपासनेत फक्त उपासना. हे केल्यावर रविवारची गर्दी निम्म्याने कमी झाली. पाळकसाहेब जरा नाराज झाले. पण जे उरले त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात शंका राहिली नाही.

पायरी २: पैशाचा नियम आधीच लिहून भिंतीला लावा

कडवटपणा सगळ्यात जास्त पैशातून येतो, म्हणून इथं जरा जास्त लिहिते.

पहिलं म्हणजे स्वतःच्या खिशातून, एकट्याने, उभ्या उभ्या द्यायचं नाही. कळवळा येतो, मान्य, पण त्या क्षणी दिलेल्या पाचशे रुपयांचा हिशोब मन रात्री करत बसतं. आमचा नियम असा आहे की निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा, तो बुधवारीच, एका कुटुंबाला वर्षाची एक मर्यादा, आणि रोख शक्यतो नाहीच: फी असेल तर शाळेत भरायची, औषध असेल तर चिठ्ठी घेऊन मेडिकलमधे आपण जायचं. जीव जायची वेळ असेल तर अर्थातच बुधवारची वाट बघायची नाही. पण खरं सांगते, आठवड्यात "आत्ताच्या आत्ता" अशा दहा मागण्या आल्या तर त्यातली एखादीच बुधवारपर्यंत थांबू शकत नाही.

दुसरं, उसने देऊ नका. द्यायचे तर देऊन टाका नाहीतर देऊ नका. उसने घेतलेला माणूस परत करू शकला नाही की तुम्हाला बघून गल्ली बदलतो, आणि तुम्ही मनात म्हणता कृतघ्न. तो लाजतोय हे तुमच्या लक्षात येत नाही. दोन हजारात तुम्ही एक शेजारी घालवलात. ज्यांना खरंच कर्ज लागतं त्यांना बचत गटाशी जोडून द्या, भिशीवाल्या बायका तुमच्यापेक्षा चांगल्या ओळखतात कोणाला किती झेपेल ते.

तिसरं, नाही म्हणताना एकच वाक्य वापरा आणि सगळ्यांना तेच. "आमचा नियम असा आहे, बुधवारी या, मी आहे." कारणं देत बसलात की वाद सुरू होतो, आणि वादात हरलात तर देता, जिंकलात तर रात्री झोप येत नाही.

आणि चौथं म्हणजे खोटं. लोक खोटं बोलणार. गरीब म्हणून नाही, अडलेला कोणीही बोलतो, आपण नाही का ऑफिसात आजोबांना तिसऱ्यांदा मारत. आमच्या रजिस्टरमधे एका दादाची आई दोनदा वारली होती. पहिल्यांदा तो कफनाचे, गाडीचे असे पैसे घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी तीच म्हातारी मला भाजीच्या गाडीजवळ भेटली, ठणठणीत, वर मलाच विचारते, "जेवलीस का?" आम्ही सगळे खूप हसलो. मग तो आमच्यात एक विनोदच झाला, कोणी पैसे मागायला आलं की आमच्यातलं कोणीतरी हळूच म्हणायचं, "आज कोणाची आई?" सात-आठ महिन्यांनी तो दादा परत आला, दारात उभा, म्हणाला, "आई गेली." माझ्या सहकाऱ्याने रजिस्टर उघडून मागची नोंद त्याच्यापुढे ठेवली. तो काही बोलला नाही, निघून गेला. ती खरंच गेली होती. दुसऱ्या दिवशी वस्तीत कळलं, तोवर माती झाली होती, आणि आमच्यापैकी एकही जण मातीला नव्हता. म्हातारीच्या घरी मी कितीतरी वेळा जेवले होते.

त्यामुळे आता नियम असा: पहिल्यांदा फसवलं तर ते आपण त्याला सांगायचं, तोंडावर, चिडून न ओरडता, "दादा, आई बाजारात भेटली मला." तेवढंच. तो खजील होतो, तुम्हीही होता, पण ते दोघांमधे संपतं. न बोलता रजिस्टरात ठेवलं की ते आंबतं.

बरं, प्रत्येक गोष्टीत फसवणूकच असते असंही नाही. एकदा ख्रिसमसला वाटलेली आमची ब्लँकेटं दुसऱ्या आठवड्यात स्टेशनबाहेर विकायला दिसली, मी तणतणत त्या बाईकडे गेले, तर ती म्हणाली, "ताई, तीन चर्चवाल्यांनी तीन दिली, एक साहेबांनी दिलं, घरात माणसं तीन. डाळ कोणीच देत नाही." यावर काय बोलणार. पुढच्या वर्षी आम्ही बाकीच्या दोन मंडळ्यांना फोन करून आधी याद्या जुळवल्या.

पायरी ३: कोण काय करतं याची वही बनवा

"मी नाही केलं तर कोण करणार" हे वाक्य थकव्याची आई आहे. त्याला उत्तर म्हणजे एक साधी दोनशे पानी वही. पहिल्या सहा महिन्यांत ती भरा. महापालिकेच्या दवाखान्यात टीबीच्या गोळ्या फुकट मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला पैसे खात्यात येतात, २०१८ पासून ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, मुंबई हायकोर्टाच्या २००६ च्या आदेशाने ही योजना ठरलीय. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जायचं. कोर्टाचं काम असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तिथं बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८, बायकांसाठी १८१. अंगणवाडीच्या सेविकाताईंचा, आशाताईंचा, रेशन दुकानदाराचा, शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर. आणि कुठल्या खिडकीवरचा माणूस बरा बोलतो तेही लिहा, याला फार किंमत आहे.

वहीचा फायदा नुसता लोकांना नाही. बायबलमधे मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसला होता तेव्हा त्याचा सासरा इथ्रो आला, बघितलं, आणि सरळ म्हणाला की हे तू बरं करत नाहीस, तूही झिजशील आणि हे लोकही (निर्गम १८). आपण नेहमी मोशे झिजेल एवढंच वाचतो. रांगेत दिवसभर ताटकळलेले लोकही झिजतात, ते इथ्रोने बघितलं. सासरे कधी कधी बरोबर असतात.

पायरी ४: दार, फोन आणि सोमवार

फोन दोन ठेवा. कामाचा फोन रात्री नऊला बंद, आणि तो बंद असताना कोणाला लावायचा तो नंबर, म्हणजे टीममधल्या ज्याची पाळी असेल त्याचा, दारावर लिहिलेला. वस्तीतच राहत असाल तर हे अवघड आहे, मी खोटं सांगणार नाही, लोक दार वाजवतातच. आम्ही दाराला एक लाल ओढणी लावायचो, ओढणी असली की ताई झोपलीय. चार-पाच महिन्यांनी पोरंच एकमेकांना सांगायला लागली, "ए, लाल है, मत बजा."

रविवार हा आपल्याला सुट्टीचा वार नसतो, तो सगळ्यात जास्त कामाचा असतो, उपासना, संडे स्कूल, घरभेटी, संध्याकाळची कॉटेज मीटिंग, म्हणजे कोणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा. म्हणून सोमवार घ्या आणि सोमवारी वस्तीच्या बाहेर जा. घरात बसून सुट्टी होत नाही. मी लोकलने सीएसएमटीला जाते आणि काही न करता परत येते, येताना खिडकी मिळाली तर देवाचे आभार.

मार्क ६ मधे प्रभू येशू शिष्यांना म्हणतो एकांती चला, थोडा विसावा घ्या, कारण इतके लोक येत जात होते की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. या वचनावर विसाव्याचे उपदेश मी खूप ऐकलेत पण पुढं काय झालं ते कोणी सांगत नाही. होडी पलीकडे पोचली तर लोक आधीच धावत तिथं हजर! सुट्टी बुडाली, पाच हजारांचं जेवण झालं. आणि मग त्याच अध्यायात त्याने शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर गेला. म्हणजे सुट्टी बुडाली तर त्याच दिवशी कुठंतरी ती परत काढून घेतली. आम्ही तसंच करतो, सोमवार गेला तर गुरुवार, पण कॅलेंडरवर लाल पेनाने, मनात ठेवून नाही.

पायरी ५: घ्यायला शिका

ही मला सगळ्यात उशिरा कळली आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. नुसतं देणारा माणूस कोरडा होतो. कारण देणारा कायम उभा असतो आणि घेणारा कायम खाली, आणि वरून बघायची सवय लागली की माणसं सारखीच दिसायला लागतात. कामाने थकवा येतो तो झोपेने जातो, हा कोरडेपणा झोपेने जात नाही.

म्हणून खरंच त्यांच्याकडून घ्या, दाखवायला म्हणून नको. माझ्या गल्लीत एक काकी भंगार आणि प्लास्टिक वेचायच्या, देवनारच्या डंपिंगवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. मला मासळीतलं काही कळत नाही, नगरची मी, आमच्याकडे सुकट म्हणजे चैन. काकींनी मला घेऊन जाऊन बोंबील कसा बघायचा ते शिकवलं, कोळणीशी भाव कसा करायचा, कुठं गप्प बसायचं, पिशवी उचलून निघाल्यासारखं करायचं मग ती हाक मारते. एकदा माझं पाकीट लोकलमधे मारलं गेलं, महिनाअखेर होती, मी काकींकडून तीनशे रुपये घेतले. वर म्हणालेच की उसने देऊ नका, पण घ्यायला काही हरकत नाही. काकींनी ते दोन महिने मला येता जाता आठवण करून वसूल केले, अख्ख्या गल्लीसमोर, "ए ताई, तीनशे!" त्या दोन महिन्यांत माझी त्या गल्लीतली किंमत जितकी वाढली तितकी दोन वर्षांच्या शिकवणीने वाढली नव्हती.

आजारी पडलात तर सांगा. प्रार्थना मागा त्यांच्याकडून, ते करतात, मोठ्याने आणि लांब.

पायरी ६: शुक्रवारचा वास

टीममधे आठवड्यातून एकदा, आमचा शुक्रवार, अर्धा तास बसायचं आणि या आठवड्यात आपण काय बोललो ते ऐकायचं. "ही लोकं सुधारणार नाहीत." "यांना फुकटची सवय लागलीय." "आज कोणाची आई?" विनोद बंद करा असं मी म्हणत नाही, हसल्याशिवाय या कामात टिकताच येत नाही, पण एक खूण आहे: तो माणूस खोलीत असता तर हा विनोद केला असता का? केला असता तर चालेल. दुसरी खूण म्हणजे नाव. "ती दारुड्याची बायको", "तो टीबीवाला" असं यायला लागलं की वास सुटलाय म्हणून समजा.

आणि हे ऐकल्यावर कोणाला झापायचं नाही. कोरडा बोलणारा बहुतेक वेळा सगळ्यात जास्त दमलेला असतो. त्याला विचारायचं की मागची सुट्टी कधी घेतलीस, जेवलास का.

पायरी ७: साक्षी आणि रिपोर्ट यांच्यात खोटं बोलू नका

साक्ष म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सभेत सांगणं. देणगीदारांनाही तशीच गोष्ट लागते. आधी फोटो, मग नंतर हसरा फोटो. दारू सुटली, शाळेत पहिला आला, प्रभूला ओळखलं. दर तीन महिन्यांनी असं लिहून पाठवायचं आणि खाली वस्तीत तोच माणूस परत पिऊन गटाराजवळ पडलेला बघायचा, यातून माणूस दोन तुकडे होतो. मी स्वतः एकाबद्दल लिहिलं होतं, टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करतोय, कामाला लागला, वगैरे. छापून येईस्तोवर त्याने चौथ्या महिन्यात गोळ्या सोडल्या होत्या, गावाला पळून गेला होता. पुढचं पत्र लिहिताना मी त्याचं नाव गाळलं, बस. त्यानंतर आम्ही ठरवलं की दर रिपोर्टात एक न जमलेली गोष्टही लिहायची. दोन देणगीदार गेले, बाकीचे राहिले, आणि एकाने उलट लिहिलं की पहिल्यांदा तुमचं पत्र खरं वाटलं.

देवाशीही असंच. आपल्या प्रार्थनासभांत सगळं "प्रभूने विजय दिला" यावर संपलंच पाहिजे अशी सक्ती असते. पवित्र शास्त्रात ती नाही. स्तोत्र ८८ काढून बघा, ते अंधारातच संपतं, पुढे काही नाही. गणना ११ मधे मोशे देवाला म्हणतो हे सगळे लोक मला एकट्याला पेलवत नाहीत, त्यापेक्षा मला मारून टाक, आणि देव त्याला रागावत नाही, सत्तर माणसं जोडून देतो. आमच्याकडे महिन्यातून एकदा अशी सभा होते, तिच्यात साक्ष नाही, आभार नाहीत, फक्त तक्रार. पोरगं नाल्यात पडून गेलं त्या महिन्यात एक बाई अर्धा तास देवाशी भांडली. कोणी तिला वचन सांगून गप्प केलं नाही. नव्याने आलेल्या एका भावाला हे फार जड गेलं, तो म्हणाला हा अविश्वास आहे. पुढच्या वर्षी तोच सगळ्यात पुढे बसायचा.

पायरी ८: घरचे आणि थोर लोक

थोर लोकांची चरित्रं वाचा पण नीट वाचा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची उदारता आपण उपदेशात सांगतो, घरात पैसा टिकायचा नाही, कोणालाही घरी आणायचे. त्या घरात चूल कशी पेटायची हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हसत हसत लिहून ठेवलंय, आणि त्या हसण्याखाली काय आहे ते लग्न झालेल्या सेवकांनी बायकोबरोबर बसून वाचावं. पंडिता रमाबाईंचं बघा, १८८९ ला शारदा सदन, मग दुष्काळात केडगावला मुली गोळा केल्या, वस्ती हजाराच्या वर गेली, एवढ्या रगाड्यात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायचं काम हातात घेतलं आणि १९२२ ला जायच्या आधी ते पुरं केलं. मला वाटतं, हे माझं मत, की दुखण्याला अंत नसलेल्या कामात रोज एक असं काम हवं की ज्याचं आज पान संपतं. माझ्या सहकारी ताई गोधडी शिवतात. मी बागेतल्या कुंड्या म्हणणार होते पण माझ्या तीनही मेल्या, त्यामुळे मी जुन्या भजनांची वही उतरवते.

बाकी पगार, पीएफ, मेडिक्लेम हे संस्थेला पहिल्या दिवशी विचारा. लाजू नका. विश्वासाने चालणं आणि दवाखान्याचं बिल भरता न येणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

पायरी ९: करपलंच तर

एवढं करूनही होतं. मला झालं. दोन-तीन आठवडे झोप लागत नाही किंवा नुसती झोपच येते, जेवण नको, ज्यात आनंद होता त्यात आनंद नाही, मरून जावं असं मनात येतं, तर तो नुसता थकवा नाही, डॉक्टरांकडे जा, मानसोपचारतज्ज्ञांकडे. सरकारची टेली मानस म्हणून सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात, फुकट. मरायचे विचार येत असतील तर आजच लावा, आणि एकटे राहू नका. प्रार्थनाही करा, गोळ्याही घ्या, यात भांडण नाही.

एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपला तेव्हा (१ राजे १९) देवदूताने त्याला उपदेश केला नाही, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. "तू इथं काय करतोस" हा प्रश्न नंतर आला, चाळीस दिवसांनी. तर थकलेल्या सेवकाला भेटायला जाल तेव्हा आधी डबा न्या.

रजा घ्यायची तर महिन्याच्या खाली घेऊ नका, आणि जाताना चावी, रजिस्टर, वही, कामाचा फोन हे सगळं दुसऱ्याच्या हातात देऊन जा, नाहीतर तुम्ही गावाला बसून व्हॉट्सअ‍ॅपवर वस्ती चालवाल. काही जण परत येत नाहीत, तेही ठीक आहे, त्यांना "मागे फिरले" म्हणायचं नाही.

परत आलात तर पहिला आठवडा रजिस्टर हातात घेऊ नका, बुधवारी बसू नका, नुसते फिरा. मी दोन महिन्यांनी आले तेव्हा आधी त्या तापाच्या पोराच्या घरी गेले, पोरगं बरं होतं, आणि त्याच्या आईला सांगितलं की त्या दिवशी मी आत होते. ती म्हणाली, "माहिती होतं की. चप्पल बाहेर होती तुझी." मग तिने माझ्यापुढे कोथिंबिरीची जुडी टाकली, म्हणाली, एवढी निवडून दे, मी पाणी भरून येते.